संशयकल्लोळ आणि दुसरी पाळी

गोविंद बल्लाळ देवल यांनी मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनाचे कथानक इंग्रजी रूपांतराच्या वाटेने मराठीत आणले आणि 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आणले. तेव्हापासून हौशी मंडळींना, म्हणजे मानधनाऐवजी वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्या नटांना, या नाटकाचा मोह सुटलेला नाही. नाशिकजवळच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत हा मोह विशेष कसोटीचा ठरतो, कारण संशयी नवरा फाल्गुनराव होणारा नट कारखान्यात पहिल्या पाळीला, त्याची बायको कृत्तिका होणारी नटी बँकेत आणि तबलजी दुसऱ्या पाळीला असला, की तालीम रात्री साडेअकराशिवाय सुरू होत नाही आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती त्याच सुमारास संपते. पात्रनिवडीचा पेच याहून नाजूक असतो: नायिका रेवतीसाठी जिला गाता येते तिला पल्लेदार वाक्य पेलत नाही, जिला ते पेलते तिला पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, सापडत नाही, आणि तिचा प्रियकर अश्विनशेठ याचे काम बहुधा ज्याने नेपथ्याचा खर्च उचलला त्याच्याच वाट्याला येते. हे महाशय प्रयोगाच्या नांदीलाच, म्हणजे आरंभीच्या ईशस्तवनालाच, सर्वांच्या पुढे उभे राहून वरचा स्वर लावतात, पेटीवाला मुकाट्याने पट्टी उतरवतो आणि पहिल्या रांगेतले नातेवाईक ‘वन्स मोअर’ देतात. वस्तुतः फार्स वेगावर जगतो. कृत्तिकेच्या हाती अश्विनशेठची तसबीर दिसताक्षणी फाल्गुनरावाचे डोके भडकले पाहिजे, परंतु येथे ती तसबीर कपडेपटाच्या पेटीत राहिल्यामुळे कृत्तिका मोबाइलकडेच टक लावून पाहते, आणि प्रेक्षकांना तो दिग्दर्शकाचा आधुनिक अन्वयार्थ वाटतो.