तूप फासावर, साखर मोकळी

पन्नाशी ओलांडलेली चार माणसं बागेतल्या बाकावर टेकली की हल्ली राजकारणाच्या आधी ट्रायग्लिसराइड निघतं. "माझं दोनशे दहा," एक जण दबकत सांगतो. "एवढंच? अहो, आमचं साडेतीनशे!" दुसरा म्हणतो, आणि त्याच्या आवाजात काळजीपेक्षा सरशीच जास्त असते. मग खटला उभा राहतो. आरोपी ठरलेला असतो, तूप. सहआरोपी अंड्यातला पिवळा बलक. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच बाकावर बसलेले असल्यामुळे निकाल लवकर लागतो. तो लागला की सगळे टपरीवर जाऊन दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेतात.

त्या साखरेला समन्स मात्र कधीच जात नाही. वास्तविक ट्रायग्लिसराइड ही चरबी असली, तरी ती रक्तात वाढायला चरबीच खावी लागते असं नाही. गरजेपेक्षा जास्त झालेली साखर, मैदा, भात यांची यकृत निमूटपणे चरबी करतं आणि रक्तात सोडून देतं. दारू पोटात गेली तर हे काम अधिकच उत्साहाने होतं. आकडा १५०च्या आत असावा, असं अहवालावर छापलेलं असतं. पण वाटीभर आमरसानंतर आणखी वाटीभर आमरस वाढणाऱ्या माउलीला तो कोण वाचून दाखवणार? आणि साबुदाणा! तो म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपास म्हणून बशीभर खिचडी, वर बटाट्याची भाजी, शेवटी रताळ्याचा गोड कीस. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांपाशी रक्त तपासायची सोय नव्हती, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता.

म्हणजे तूप निर्दोष सुटलं का? तसंही नाही. त्याच्यावरचं कलम वेगळं आहे, एवढंच. ते समजायला थोडं रक्तात उतरावं लागतं. वरणावर तूप तरंगतं हे आपण रोज पाहतो. रक्तही बरंचसं पाणीच, त्यामुळे चरबी आणि कोलेस्टेरॉल त्यात विरघळत नाहीत. प्रथिनांच्या वेष्टनात बांधूनच त्यांना हिंडवावं लागतं. मुंबईच्या डबेवाल्यांसारखीच ही व्यवस्था आहे. ज्याला आपण 'वाईट' म्हणतो ते एलडीएल भरलेला डबा घेऊन निघतं, आणि 'चांगलं' एचडीएल उरलंसुरलं परत यकृताकडे नेतं. डबा आत घ्यायला दार लागतं. ते दार मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी शोधलं आणि १९८५चं नोबेल मिळवलं. अशी दारं सर्वांत जास्त असतात यकृताला. तूप, लोणी, खोबरेल यांतली संपृक्त चरबी जास्त झाली की ही दारं कमी होतात, आणि डबे गल्लीतच फिरत राहतात. फिरता फिरता काही धमनीच्या भिंतीत शिरतात आणि तिथेच नासतात. काही घराण्यांत तर दारं जन्मतःच कमी असतात. तिथे काटेकोर पथ्य करणाऱ्यालाही ऐन तारुण्यात झटका येऊ शकतो. मग डबे परत नेणारेच वाढवावेत, ही कल्पनाही निघाली. औषधांनी एचडीएलचा आकडा चांगला फुगला, झटके मात्र कमी झाले नाहीत. 'चांगलं' म्हणवून घेणाऱ्यांची नुसती संख्या वाढून काही होत नाही, हे आपल्याला एरवीही ठाऊक असतंच.

"आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला कोलेस्टेरॉल कुठून येणार?" हा प्रश्न तर मी कितीदा ऐकला असेल. घरूनच येतं हो! बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, आणि ते हवंच असतं. पेशींचं आवरण, पित्त, ड जीवनसत्त्व, कित्येक हार्मोन्स, सगळ्यांना ते लागतं. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल घालून खाऊ घातलं. त्या पिढीजात शाकाहारी जीवांच्या धमन्या पार बिघडल्या. उंदीर आणि कुत्र्यांनी तोच आहार पचवून टाकला. माणसांतही असे दोन्ही प्रकार आढळतात. रोज दोन अंडी खाऊन एकाचा अहवाल स्वच्छ असतो, आणि शेजारच्याचा आकडा नुसत्या वासाने वाढतो की काय अशी शंका येते.

तेलाच्या पिशवीवर लाल हृदय काढून 'कोलेस्टेरॉल नाही' असं छापतात. शेंगदाण्यात आणि सूर्यफुलात ते नावापुरतंही नसतं, त्यामुळे यात कंपनीचं कर्तृत्व ते काय! या न्यायाने वनस्पती तूपही निष्कलंकच होतं. तेही तेलापासूनच झालेलं. पण ते घट्ट करताना तयार होणारी ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि वर एचडीएल कमी करते. कित्येक घरांनी साजूक तूप महाग पडतं म्हणून, आणि पुढे हृदयाला जड म्हणून, पिढ्यान्‌पिढ्या वनस्पती तुपाचाच पिवळा डबा फडताळात ठेवला. जानेवारी २०२२पासून तेला-तुपातल्या या चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, तेव्हा हा आरोपी एवढी वर्षं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता हे ध्यानात आलं.

तांदळाची बाजूही मांडायला हवी. सत्तरच्या दशकात जपानमध्ये अकिरा एंडो हजारो बुरश्या तपासत होते. यकृताचा कोलेस्टेरॉलचा कारखाना मंद करणारा पदार्थ त्यांना सापडला तो क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. आज लाखो घरांत रात्री जेवणानंतर घेतली जाणारी स्टॅटिनची गोळी याच कुळातली. कारखाना मंदावला की यकृत आणखी दारं उघडतं आणि रक्तातले डबे आत ओढून घेतं.

डॉक्टर मात्र बाकावरच्या खटल्याला दाद देत नाहीत. ते एका आकड्यावर थांबत नाहीत. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू, वडिलांना झटका कितव्या वर्षी आला, हे सगळं विचारून मग लिहितात. आपल्याला एवढ्या चौकशीत रस नसतो. एक आरोपी मिळाला की पुरतं, आणि तो शक्यतो आपल्या आवडीचा नसावा. म्हणून अंडं न आवडणारा अंडं सोडतो, चालायला जाणारा भजी सोडत नाही, आणि गोडघाशा तूप सोडतो. तूप सोडल्याच्या पुण्याईवर तो बिनतुपाच्या चार पुरणपोळ्या खातो. त्या चारांपेक्षा तुपाची धार असलेली एक बरी, हे त्याच्या रक्ताने अहवालात कधीच लिहून दिलंय. पंगतीत पाचवी घेऊन उभ्या असलेल्या वहिनींना ते सांगायचं कोणी, एवढंच ठरायचं आहे.