आर्लकर

परदेशी जाऊन आलेली माणसं तुम्हाला माहीतच आहेत. बारा दिवसांत आठ देश, आयफेल टॉवर चिमटीत धरलेला फोटो, स्वित्झर्लंडच्या बर्फात साडीवर स्वेटर आणि परतल्यावर घरोघर एकेक चॉकलेट. ही मंडळी निरुपद्रवी. चॉकलेट संपलं की विषय संपतो. आमचे नाना त्यातले नाहीत. नाना फ्रान्समधल्या एकाच गावात तीन रात्री राहून आले आणि त्या तीन रात्री ठाकूरद्वारला अजून चालूच आहेत.

गावाचं नाव आर्ल. दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या काठी. लेक आणि जावई ल्योंला असतात. एक जोडून सुट्टी आली तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, पॅरिस दाखवू का?" नाना म्हणाले, "आर्ल." वहिनींना पॅरिसच बघायचं होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही. परतल्यावर आठवड्याच्या आत चाळीने नानांचं आडनाव बदलून टाकलं. दारावरची पाटी जुनीच आहे, पण आता कुरिअरवाल्या पोरालासुद्धा "आर्लकर ना? तळमजला, मागची खोली," असंच सांगतात.

नानांचं म्हणणं एकच. तिथला उजेड वेगळा.

हे वाक्य ते नुसतं म्हणत नाहीत. आधी डावा डोळा मिटतात, उजव्या हाताचा अंगठा समोर धरतात, मान जरा तिरकी करतात आणि मग तुमच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत म्हणतात, "हा उजेड आहे ना... हा नव्हे." तुम्ही चर्नी रोडची गाडी पकडायच्या घाईत असा, हातात दुधाची पिशवी गळत असो, अंगठा वर गेला की तुमची पाच मिनिटं गेली. एकदा चौपाटीवर सूर्यास्त बघत बसलो होतो. ढग पेटल्यासारखे लाल झालेले, भेळवालासुद्धा हात थांबवून बघत होता. नाना म्हणाले, "बरा आहे. कष्ट घेतलेत." जणू सूर्याने ड्रॉइंगची परीक्षा दिली होती.

चाळीच्या जिन्यातला दिवा गेला, तेव्हा कमिटीने पांढरा एलईडी लावायचं ठरवलं. विषय दोन मिनिटांचा. नाना उठले. पांढऱ्या उजेडात माणूस आजारी दिसतो, पिवळा हवा, आणि तोही असला पिवळा नव्हे. मग कसला, हे सांगायला अंगठा वर गेला. पंधरा दिवस जिन्यात अंधार होता. शेवटी एका रात्री कोणीतरी गुपचूप पांढरा दिवा लावला. नाना अजून त्या जिन्यातून जाताना डोळे अर्धे मिटून घेतात.

वहिनींचं मत वेगळं. "तीन दिवसांत यांनी काय उजेड पाडला, ते मला विचारा. टोपी वाऱ्याने उडवली, नदीत गेली, ती बघत बसले." तो वारा म्हणजे मिस्त्राल. तिथला तो प्रसिद्धच आहे. व्हॅन गॉग तिथे चित्र काढताना ईझल जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा, तो याच वाऱ्यामुळे. नानांनी टोपी बांधली नव्हती. जेवणाचं म्हणाल तर वहिनी इथून मेतकूट घेऊन गेल्या होत्या. आर्लच्या शेजारी कामार्गचा पाणथळ मुलूख आहे, तिथे भात पिकतो. त्या तांदळाचा भात, वर तूप-मेतकूट, असं तिन्ही रात्री झालं. हा भाग नाना सांगत नाहीत.

नाक्यावरच्या चहावाल्याकडे त्यांचं व्याख्यान असतं. श्रोते गिरगावकर, त्यामुळे कलेचा प्रवास लगेच जागेच्या भावाकडे वळतो. एक प्रसंग मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे.

"फेब्रुवारी १८८८. व्हॅन गॉग पॅरिसहून उतरला तो उजेडासाठी, आणि बघतो तर गावात बर्फ! पण थांबला. मे महिन्यात घर घेतलं. पिवळं घर. चार खोल्या, महिन्याला पंधरा फ्रँक."

"पागडी किती?"

"पागडी नव्हती."

"मग रिकामं कसं केलं?"

"डोक्यावर परिणाम झाला होता. शेजाऱ्यांनी मेयरकडे अर्ज दिला, याला गावात ठेवू नका."

"सह्या किती?"

"तीसेक."

"बिल्डरचा हात असणार. आता काय आहे तिथे?"

"काही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली बॉम्ब पडला, घर गेलं."

"म्हणजे जागा मोकळी?"

नाना कावले. "अरे, पंधरा महिन्यांत दोनशेच्या आसपास चित्रं काढली त्याने त्या गावात! दोनशे! सूर्यफुलं, ती खुर्ची, रात्रीचं ऱ्होनचं पाणी, तो कॅफे..."

"बघितलीत का सगळी?"

इथे नाना नेहमी थांबतात. कारण त्यांतलं एकही चित्र आर्लच्या मालकीचं नाही. कॅफेचं चित्र हॉलंडमध्ये, ऱ्होनवरच्या चांदण्यांचं पॅरिसला. २०१४ पासून तिथे व्हॅन गॉगच्या नावाच्या फाउंडेशनची नीट इमारत आहे, पण तीसुद्धा त्याची चित्रं दुसऱ्यांकडून उसनी आणून दाखवते. गावभर फलक मात्र आहेत. या जागी उभं राहून त्याने अमुक चित्र काढलं, शेजारी त्या चित्राची नक्कल.

"मग घर नाही, चित्रं नाहीत, तुम्ही बघितलंत काय?"

अंगठा वर. "उजेड."

(व्हॅन गॉगच्या कापलेल्या कानाचा विषय कोणी काढला तर नाना चहा अर्धा टाकून निघून जातात. "माणसाने दोनशे चित्रं काढली आणि तुम्हाला कान आठवतो!" चहा अर्धा राहतो म्हणून चहावाल्याने आता कानाला बंदी घातली आहे.)

आर्लमध्ये फ्रँक गेरीने बांधलेल्या मनोऱ्यावर मात्र त्यांचा राग आहे. २०२१ साली उघडला, अंगावर स्टेनलेस स्टीलचे ११,००० पत्रे. "आपण पावसाळ्यात गच्चीवर चार पत्रे टाकले तर वॉर्ड ऑफिसातून माणूस येतो," असं नाना म्हणतात. पण पुढे लगेच, "तरी संध्याकाळी त्या पत्र्यांवर जो उजेड..."

या सगळ्याचा कळस झाला तो गणपतीत. त्या वर्षी देखाव्यासाठी दोनच सूचना होत्या, एक चांद्रयान आणि दुसरी नानांची. चांद्रयान शेजारच्या वाडीने आधीच उचललं होतं, म्हणून नानांचं फावलं. 'रात्रीचा कॅफे' हा देखावा ठरला. मागे निळं कापड, त्यावर थर्मोकोलच्या चांदण्या, डावीकडे पिवळ्या कापडाची मोठी कनात, तिच्याखाली गोल टेबलं आणि खुर्च्या, आणि या सगळ्याच्या पाठीमागे, रस्ता जिथे संपतो तिथे, गणपती. नानांनी तीन रात्री जागून पिवळा बल्ब कुठल्या कोनात लावायचा ते ठरवलं. इलेक्ट्रिशियन शिडीवर, नाना खाली, एक डोळा मिटून. "डावीकडे. अजून. अहो, तुमचं डावं नव्हे, व्हॅन गॉगचं."

चतुर्थीला संध्याकाळी लोक आले आणि सरळ खुर्च्यांवर बसले. पिवळी कनात, टेबलं, उजेड. गिरगावात याचा दुसरा अर्थ काय होणार? एका कुटुंबाने मिसळ आहे का विचारलं. दुसरे एक गृहस्थ दहा मिनिटं वाट बघून "सर्व्हिस फार स्लो आहे" म्हणत उठले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आरतीला आल्या, त्यांनी एकवार सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पाला हॉटेलात बसवलंत होय रे!" तिसऱ्या दिवशी पोरांनी शहाणपणा केला, टेबलांवर वाटली डाळ आणि पन्हं ठेवलं. त्या वर्षी आमच्याकडे जेवढी गर्दी झाली तेवढी कधी झाली नव्हती, आणि दानपेटीत लोकांनी डाळीचे पैसे टाकले. नानांनी हे आपल्या कलादृष्टीचं यश मानलं. त्यांचं मन कोणी मोडलं नाही.

मला राग यायचा तो वेगळ्या कारणाने. एकदा मी त्यांना म्हटलं, "नाना, एवढा खर्च करून, विमानं बदलून तुम्ही एका चित्रकाराचं पडलेलं घर बघायला गेलात. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या गिरगावातल्या चाळीत वाढले. जे.जे.त शिकले. २०१३ साली मुंबईतच त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. त्यांची चाळ बघायला तुम्ही रस्ता ओलांडून कधी गेलात?"

वाटलं होतं, गडी खजील होईल. नाना शांतपणे म्हणाले, "तू गेलास?"

मी गप्प.

"फलक बघितलायस कुठे?"

"नाही."

"मग? आर्लवाल्यांनी व्हॅन गॉगविरुद्ध अर्ज दिला, म्हणजे निदान शेजारी कोण राहतो ते त्यांना ठाऊक होतं. आज त्याचं चित्र छापलेले कप विकून खातात, पण विकायला तरी आठवण ठेवली. आपल्याकडे कुणी अर्जसुद्धा दिला नाही रे." आणि अंगठा वर न करता निघून गेले. आमच्या नाक्यावर फलकांची टंचाई आहे असं कोणी समजू नये. वाढदिवसाच्या शुभेच्छांना एक खांब मोकळा नाही.

पुढे एक दिवस मेट्रोच्या खोदकामाने चाळीला पडलेल्या तड्यांसंबंधीच्या कागदावर सही हवी होती म्हणून मी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांच्या खोलीवर गेलो. इतकी वर्षं शेजारी, पण आमच्या गप्पा कायम नाक्यावर; आत असा मी कधी बसलोच नव्हतो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत ट्यूबलाइट चालू. खोलीला खिडकी एकच, ती घरगल्लीत उघडते. हात लांब केला तर समोरचा पाइप लागेल. पूर्वी वरून थोडं आभाळ दिसायचं. पलीकडे टॉवर उभा राहिल्यापासून तेही गेलं. नाना याच खोलीत जन्मले. नोकरी बँकेत, क्लिअरिंगमध्ये. तीसहून जास्त वर्षं चेकवरच्या सह्या तपासल्या, त्याही तळघरातल्या ट्यूबलाइटखाली. ग्रंथसंग्रहालयातून आणलेली माधुरी पुरंदऱ्यांनी मराठीत केलेली अर्व्हिंग स्टोनची व्हॅन गॉगवरची कादंबरी त्यांनी याच कॉटवर पालथं पडून वाचली होती. आर्लचं नाव त्यांच्या डोक्यात बसलं ते तेव्हा.

"बस," नाना म्हणाले, "सही मग करतो. सव्वाअकरा होऊ दे."

वहिनींनी ट्यूब बंद केली. मला वाटलं दिवे गेले. त्यांनी ओट्यावर एक ताट ठेवलं. त्यात चार लिंबं, दोन टोमॅटो आणि एक वांगं. मी विचारणार, तेवढ्यात टॉवरच्या वरच्या कुठल्याशा मजल्याच्या काचेवरून ऊन उडून घरगल्लीत उतरलं आणि खिडकीतून तिरपं आत आलं. ओट्यावर, बरोबर त्या ताटावर. लिंबं लखलखली. वांग्याच्या देठाचे काटेसुद्धा दिसले. नाना खुर्ची ओढून समोर बसले, डावा डोळा मिटला. वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "रोज वेगळी भाजी लागते यांना. काल गवार ठेवली तर रुसले."

साडेअकराला ऊन गेलं. वहिनींनी ट्यूब लावली, वांगं चिरायला घेतलं. नानांनी सही केली.

आता आमची चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. मध्यंतरी विकासकाच्या माणसांनी सगळ्या भाडेकरूंना बोलावून नकाशे दाखवले. प्रश्न भरपूर झाले. कार्पेट किती, कॉर्पस किती, ट्रान्झिटचं भाडं वेळेवर येणार का, पार्किंग मिळणार का. रास्त प्रश्न आहेत, मीही त्यातले दोन विचारले. शेवटी नाना उठले, नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "या खोलीत ऊन किती वाजता येतं?" सभागृह हसलं. मीही हसलो असतो. आर्किटेक्टने नकाशा उलटासुलटा केला, उत्तर दिशेच्या बाणावर नख फिरवलं आणि "सर, ते बघून कळवतो" म्हणाला. दोन महिने झाले, कळवलेलं नाही.

वाचकांत कोणी आर्किटेक्ट असेल तर त्याने जरूर यावं. ठाकूरद्वार नाक्यावर आर्लकर म्हणून विचारलं की कोणीही खोली दाखवेल. फक्त सव्वाअकरा ते साडेअकरा येऊ नये; त्या वेळात नाना कोणाला भेटत नाहीत.