कुत्रा आमच्याकडे ठेवून फिरायला गेलेल्या पाव्हण्यांस

जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव

पुणे, मुंबई आणि हैदराबाद येथे स्थायिक झालेले समस्त चुलतभाऊ, मेहुणे, साडू, भाचे आणि भाचेजावई यांस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

आपला कुत्रा सुखरूप आहे. पत्राच्या आरंभी वडीलधाऱ्यांची खुशाली कळवायची जुनी रीत आम्हाला ठाऊक आहे; पण आपण आधी काय शोधता हेही ठाऊक असल्याने क्रम बदलला. हे पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक वाक्य. कुत्र्याचं पोट बिघडो, अंगावर गोचीड निघो, तो दावं तोडून पळो की कुणाला चावो, फोनच्या पलीकडून उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्याकडे असताना असं कधीच झालं नव्हतं.’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच आमचा त्यावर राग आहे. तुमच्याकडे झालं नाही, कारण तुम्हाला माहीत होतं. आमच्याकडे झालं, कारण तुम्ही सांगितलं नाही. आमची तक्रार एवढीच आहे; बाकी पत्र तिच्या पुराव्यासाठी.

सांगितलं काहीच नाही असा आरोप करणं मात्र अन्याय होईल. त्याला कुठल्या चवीचं बिस्किट आवडतं, कोणत्या गोधडीवर झोप लागते, कोणत्या लाडक्या नावाने हाक मारल्यावर तो मान वाकडी करतो, हे सगळं गाडी चालू ठेवूनच सांगितलं जातं. खाताना भांड्याला हात लावला की तो गुरगुरतो, हे राहून जातं. काठी घेतलेला माणूस दिसला की अंगावर धावतो, हेही राहतं. आणि आमच्या गावात तर म्हातारपण काठीशिवाय येतच नाही. फटाक्याच्या आवाजाने तो बिथरतो हे तर हमखास राहतं. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याच्या कानांचं काय होत असेल हे तुम्ही दर दिवाळीला खिडक्या लावून पाहिलेलं असतं. तरी नेमका दिवाळीतच तो आमच्या उघड्या अंगणात, ढिल्या पट्ट्यानिशी येऊन पडतो. गावालगत सोलापूर-हैदराबाद महामार्ग आहे. पळालेलं बिथरलेलं जनावर कुठल्या दिशेला जाईल याची हमी कोण देणार?

आता कायद्याचं बोलू, कारण नात्यात कायदा आणू नये असं तुम्ही म्हणणार हे गृहीत धरूनच आम्ही तो काढून वाचला. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि अजून चालू आहे. परत घेण्याच्या बोलीवर एकाने आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली तर कुणी काय पाळायचं, हे त्यात 148व्या कलमापासून पुढे आलं आहे. 150वं कलम सांगतं की वस्तूतला जो दोष देणाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्यामुळे घेणारा धोक्यात येऊ शकतो, तो देणाऱ्याने आधी सांगितलाच पाहिजे. दडवला तर होणारं नुकसान देणाऱ्याच्या अंगावर. कायदा करणाऱ्यांना इथे उदाहरण सुचलं ते जनावराचंच. एकाने आपला खोडीचा घोडा दुसऱ्याला वापरायला दिला, खोड सांगितली नाही, घोडा उधळला आणि बसणारा पडून जखमी झाला. भरपाई घोडेवाल्याने द्यायची. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या घराण्यात कुणाकडे पग नव्हता, तरी आपल्या घराण्याची ओळख त्या लोकांना पटलेली होती असं दिसतं.

यावर आपलं म्हणणं तयार असेल: तो काय वस्तू आहे का, तो घरातला मेंबर आहे. ठीक. वस्तू मानली तर वरचं कलम लागू. त्याच प्रकरणात पुढे दुसऱ्याकडे राखायला दिलेली गाय व्याली तर वासरू कुणाचं याचंही उदाहरण आहे, तेव्हा जनावर म्हणून सुटका नाही. आणि मेंबर मानला, तर कुठल्या मेंबरला तुम्ही त्याच्या गोळ्या, त्याची पथ्यं आणि त्याच्या डॉक्टरचा नंबर न देता परक्या गावात सोडून जाता? दोन्हींतलं कुठलंही एक निवडा. शिवाय कायद्याला आमचाही पत्ता माहीत आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं 291वं कलम जनावराबाबतच्या हलगर्जीचं आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्रा कुणाच्या नावावर आहे याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नाही. तो कुणाच्या ताब्यात होता एवढंच ते पाहतं. म्हणजे खोड तुमच्या माहितीतली आणि फौजदारी आमच्या उंबऱ्यात.

गल्लीतल्या एखाद्या लेकराच्या पोटरीला त्याचे दात लागले, की मात्र थट्टा करावीशी वाटत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, जवळपास कधीच नाही. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लस सुरू करायची. सरकारी दवाखान्यात 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी. ते लेकरू दंडावर सुया सोसत असताना त्याची आई आमच्या दारात एकच प्रश्न घेऊन उभी असते: कुत्र्याला इंजेक्शन दिलेलं आहे का? आणि या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं. कार्ड पुण्याच्या कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, तुम्ही विमानात, फोन बंद. ‘दिलं असेल, देतात ते दरवर्षी’ असं त्या बाईला सांगायचं का? चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. तुम्ही चौथ्या दिवशी येऊन त्याला गाडीत घालता आणि चावण्याचा विषय निघाला की ‘मुलानेच छेडलं असेल’ म्हणता. याला विसरभोळेपणा म्हणायची आमची तयारी नाही. सरळ बोलायचं तर हा निर्लज्जपणा आहे, आणि नात्यामुळे तसं आजवर कुणी तोंडावर म्हटलं नाही.

‘गावाकडची माणसं तुम्ही, तुम्हाला जनावरांची सवय,’ हा आपला दुसरा बचाव. सवय आहे, पण कुठल्या जनावरांची? या मुलखाने उंच, सडपातळ, वाऱ्यासारखे पळणारे कारवान पाळले. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. ही कुत्री आमच्या उन्हातच घडलेली. तुम्ही आणता सैबेरियातला दुहेरी लव असलेला हस्की, नाहीतर ज्याचं नाक पिढ्यानपिढ्या चपटं करत नेलं तो पग. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि त्या वाफेबरोबर अंगातली उष्णता घालवायची, हा त्याचा मुख्य उपाय. पगला धापच नीट टाकता येत नाही. कुत्र्याचं अंग एरवी 38-39 अंशांवर असतं, 41च्या वर गेलं की जिवावर बेततं. आणि मे महिन्यात इथली हवाच 42 अंशांच्या आसपास जाते. तुमच्याकडे तो दिवसभर एसीत असतो ही एवढी साधी बाब सांगायला किती वेळ लागतो? आम्ही तरी पोत्यावर पाणी मारून ठेवलं असतं, पत्र्याच्या खोलीऐवजी माळवदाखाली बांधला असता. खाण्याचंही तसंच. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी नासतात, द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, हे तुमच्या डॉक्टरने तुम्हाला सांगितलेलं असतं. हा भाग द्राक्षबागांचा. घरातली आजी पाव्हण्या कुत्र्याच्या पुढ्यात मायेने मूठभर बेदाणा टाकणार, उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून देणार. गावातली मोकाट कुत्री हेच खाऊन जगतात म्हणाल, तर त्यांतली मेलेली कुणी मोजत नाही, आणि त्यांच्यासाठी मलेशियाहून फोनही येत नाही.

‘नात्यात कसला कागद?’ हा तिसरा आक्षेप, आणि सगळ्यांत भारी समजला जाणारा. त्यासाठी आपल्याला लांब नेत नाही, वाटेवरच्या अणदूर-नळदुर्गलाच नेतो. तिथे खंडोबाची देवळं दोन आणि मूर्ती एक. वर्षातले सुमारे दहा महिने देव अणदुरात असतो आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या आगेमागे उरलेला काळ नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती हलवताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. भक्ती कमी आहे म्हणून होत नाही. देव कधी आला, कधी परत जायचा आणि तोवर कुणाच्या जिम्म्यात, यावर पुढे वाद नको म्हणून होतो. ज्या देवाच्या बहुतेक तसबिरींत पायाशी कुत्रा आहे, तो स्वतः कागदावर सही झाल्याशिवाय मुक्काम हलवत नाही. आणि तुमचा कुत्रा ‘निघतोय, दोन तासांत पोहोचतो’ एवढ्या निरोपावर येतो. तुम्हाला कागद जमत नाही असंही नाही. शहरात पैसे भरून कुत्रा ठेवायची वेळ आली, की लसीचं कार्ड, खाण्याचं वेळापत्रक, डॉक्टरचं नाव, अडीअडचणीचा नंबर, सगळं तुम्ही मुकाट्याने भरून देता, कारण तो माणूस त्याशिवाय कुत्रा आतच घेत नाही. म्हणजे परक्याला जे सांगता तेच आम्हाला सांगत नाही. नात्याचा हा उपयोग आम्हाला मंजूर नाही.

पैशाचं एका वाक्यात: मजुरी कुणी मागितलेली नाही, पण फुकट सांभाळणाऱ्याला झालेला जरुरीचा खर्च मालकाने द्यायचा, हेही त्याच कायद्याच्या 158व्या कलमात आहे, आणि गुराढोरांच्या दवाखान्यात जमत नाही म्हणून कुत्रा सोलापूरला न्यायचा तर जाण्याचेच 50-60 किलोमीटर पडतात. आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आपण जेव्हा ‘बेटा, जेवलास का?’ विचारता, तेव्हा मोबाइल धरलेला हात ज्या काकूचा असतो, तिलाही तोच प्रश्न एकदा विचारून बघा. त्याला काही खर्च नाही.

इतकं लिहून झाल्यावर मान्य केलं पाहिजे की तुम्ही हे का सांगत नाही ते आम्हाला कळतं. सगळं खरं सांगितलं तर आम्ही नाही म्हणू, ही भीती. आमच्याशिवाय हो म्हणणारं तुम्हाला दुसरं कुणी नाही, हे त्याहून मोठं कारण. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढायला तयार होत नाही, त्याचं आपण कौतुक करतो. पण तोवर वाटेत चारही भाऊ आणि द्रौपदी पडलेले होते, कुत्रा सोपवायला त्याच्याकडे एकही नातेवाईक उरला नव्हता, हेही खरं. शहरात तुमची गत त्याच्यापेक्षा फार वेगळी नाही. सोसायटीला कुत्रा नको, शेजाऱ्याचं नाव माहीत नाही, रेल्वेत न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्या नाहीतर गार्डच्या डब्यात टाका. दोघंही नोकरीवर, म्हणून पोराला सोबत हवी होती, आणि ती सोबत कुत्र्याच्या रूपाने मिळाली. मग पाच वर्षांतून एकदा कुठे जायचं म्हटलं, तर पुण्यापासून धरलं तरी सुमारे 300 किलोमीटर गाडी हाकून तुम्ही जळकोटला येता. ज्या घराचा हिस्सा तुम्ही मागितला नाहीत, त्या घरावर तुमचा एवढा एक हक्क अजून शिल्लक आहे. तो बजावायला तुम्ही कुत्र्याचं निमित्त करता, एरवी येत नाही, हे आम्ही मनात ठेवलं होतं. आता लिहून टाकलं.

तेव्हा कुत्रा आणा. आधी कार्डाचा फोटो येऊ द्या, गोचिडाचं औषध शेवटचं कधी घातलं ती तारीख येऊ द्या, त्याच्या सगळ्या खोडी एका कागदावर, तुमच्या सहीने. चावतो असं लिहिलंत तरी आम्ही नाही म्हणणार नाही. जाळीचं दार लावून घेऊ आणि गल्लीत सांगून ठेवू. मे महिन्यात हस्की मात्र घेणार नाही, त्यावर चर्चा नको.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
जळकोटकर

ता. क. ‘तेवढाच हवापालट’ म्हणून ज्यांना पुण्याच्या फ्लॅटवर कुत्र्यासह राहायला बोलावलं जातं, त्यांच्या वतीने: दाराचं लॅच आपोआप लागतं आणि किल्ली आत राहते, हे कागदाच्या पहिल्या ओळीत लिहावे. वॉचमनकडे दुसरी किल्ली असेल तर तसे, नसेल तर तसे.