आपोआप परत जाणारं पुस्तक

तुम्हाला म्हणून सांगतो, गेल्या तीस वर्षांत वाचनालयाचं एकही पुस्तक मी वेळेवर परत केलेलं नाही. पुस्तक बदलायला जायचं म्हणून पिशवीत घालावं, पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवावी आणि नंतर त्याच पिशवीतून महिनाभर कोथिंबीर आणावी, हा आमच्या घरचा रिवाज. काउंटरवरचे अण्णा मला बघितल्याबरोबर आधी दंडाचं पावतीपुस्तक उघडतात आणि मग नमस्कार करतात. वाचनालयाचा नवा पंखा माझ्याच दंडातून आला, असा माझा दाट संशय आहे.

तर असा मी, गेल्या वर्षी मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला गेलो. चौथ्या दिवशी सूनबाईने मला गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन सोडलं, बहुधा घरात जरा शांतता असावी म्हणून. वर्गणी नाही, अनामत नाही. एका कोपऱ्यात पोरांना गोष्ट सांगणं चाललेलं, दुसरीकडे आयकराचा फॉर्म भरायला मदत, एका कपाटात भाज्यांचं बी आणि फळीवर घरी न्यायला चक्क केकची भांडी! पुस्तक आणायला गेलेला मी पहिल्या दिवशी बदामाच्या आकाराचं केकचं भांडं घेऊन आलो. आमच्या हिने त्यात ढोकळा लावला.

खरा घोळ दुसऱ्या खेपेला झाला. तिथे एक फॉर्म असतो. आवडलेली तीन पुस्तकं लिहायची, मग तिथला कर्मचारी खास तुमच्यासाठी पाच पुस्तकं निवडून देतो. खरं उत्तर द्यायचं तर मला रहस्यकथा आवडतात, त्याही शेवटचं पान आधी वाचून. पण समोरच्या चष्मेवाल्या बाई इतक्या आदराने बघत होत्या की माझ्यातला पुणेकर जागा झाला. ज्या शहरात 1848 साली वाचनालय निघालं, त्या शहराची लाज मी राखायची नाही तर कोणी? मी ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘वॉर अँड पीस’, ‘ब्रदर्स कारामाझॉव’ आणि ‘युलिसिस’. यातलं पहिलं मी 1987 साली वाचायला घेतलं आणि सुरुवातीलाच जी मेजवानी आहे, तिथून अजून बाहेर पडलेलो नाही.

दोन दिवसांनी यादी आली. ‘मिडलमार्च’, टॉमस मानचं ‘द मॅजिक माउंटन’, मार्सेल प्रूस्तच्या सात खंडांतला पहिला (बाकीचे सहा क्रमाने घ्यावेत, अशी प्रेमळ सूचना) आणि आणखी दोन तशीच, उशाला घेण्याजोगी. फोनवर डिजिटल प्रती घेतल्या तर वजन उचलावं लागणार नाही, असंही बाईंनी सुचवलं. सूनबाईच्या कार्डावर पाचही पुस्तकांसाठी मी नंबर लावला.

आता डिजिटल म्हटल्यावर रांग कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं आणि मी ते बाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, वाचनालयाने एक प्रत घेतली असेल तर ती एका वेळी एकाच वाचकाला मिळते, कागदाच्या पुस्तकासारखीच. वर ही प्रत कायमचीही नसते. 2011 साली हार्पर कॉलिन्स या प्रकाशकाने ठरवलं की डिजिटल प्रत 26 वेळा दिली की संपली, पुढे वाचनालयाने ती नव्याने विकत घ्यायची. बाकीचे बरेच प्रकाशक वर्षांची मुदत घालतात. म्हणजे बघा, कागद नाही, शिवण नाही, कोणाच्या चहाचा डाग नाही, तरी पुस्तक झिजतं. ते ऐकून मला एकदम अपराधी वाटायला लागलं, कारण एखाद्या पुस्तकाच्या 26 खेपांतली एक आपण नुसती झोपा काढून वाया घालवणार, हे मला आधीच दिसत होतं.

महिनाभर काहीच आलं नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. आणि मग, लग्नाला न येणारे पाहुणे बारशाला एकदम उगवावेत तशी पाचही पुस्तकं एकाच आठवड्यात आली. मुदत प्रत्येकी 21 दिवस. कार्डाची मर्यादा माझ्या महाकाय ग्रंथांनी भरून टाकल्यामुळे सूनबाईला तिच्या भिशीतल्या मैत्रिणींनी सुचवलेलं पुस्तक घेता येईना. ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त त्या दिवशी चहात साखर नव्हती.

विसाव्या दिवशी मी प्रूस्तच्या सेहेचाळिसाव्या पानावर होतो आणि त्यातला नायक अजून झोपायची तयारी करत होता. (मी त्याच्या बराच पुढे होतो, मला रोज झोप लागत होती.) इथे दंड भरून वेळ विकत घ्यायची सोय नाही, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, हे कळल्यावर माझे हातपाय गळाले. तेव्हा अकरा वर्षांच्या नातवाने कानात मंत्र सांगितला, “आजोबा, एअरप्लेन मोडवर टाका. मग ते जातच नाही.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मंगळवारी वाचनालयात विणकामाचा गट भरतो आणि आमची ही त्यात दोन अमेरिकन आज्यांना उलटा टाका शिकवते. तिला खाली सोडून मी वर जाऊन खुर्चीत बसलो, फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि विमान सुटल्याच्या समाधानाने डोळे मिटले. त्यानंतर हिने मला अकरा फोन केले, मुलाने ऑफिसातून सात केले, विणकामाचा अख्खा गट सुया हातात घेऊन वाहनतळावर मला हाका मारून आला, आणि सूनबाई पोलिसांना फोन लावायच्या बेतात असताना चष्मेवाल्या बाई वर आल्या. मी घोरत होतो. फोन छातीवर होता आणि प्रूस्त केव्हाच निघून गेला होता.

“अहो,” ही एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात या एका शब्दाचे किती अर्थ होतात, ते मला माहीत आहे.

संध्याकाळी नातू म्हणाला, “आजोबा, ते किंडलवर चालतं! फोनमधल्या ॲपला घड्याळ कळतं ना.”

पुढच्या खेपेला बाईंनी मला फॉर्म दिला नाही. माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं आणि ‘कर्मचाऱ्यांची आवड’ अशी पाटी असलेल्या फळीवरून मोठ्या टाइपातली अगाथा ख्रिस्ती काढून हातात ठेवली. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’. आत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती : शेवटचं पान आधी वाचू नये. यांना कसं कळलं? दोन रात्रींत वाचून काढलं आणि सवयीप्रमाणे चार दिवस उशिरा परत न्यायला गेलो. खिशात सुटे डॉलर मोजून नेले होते.

“दंड नाही,” बाई हसून म्हणाल्या. न्यूयॉर्कच्या वाचनालयांनी 2021 साली उशिराचा दंड बंद केला, तसा यांनीही केला होता. दंडाच्या भीतीने माणसं पुस्तकंच काय, स्वतःही परत येत नाहीत म्हणे. विचार थोर होता. पण पैसे हातात धरून मी असा उभा राहिलो, जसा आहेराचं पाकीट घेऊन चुकीच्या मांडवात शिरलेला माणूस.

पुण्याला परतलो तर दारामागच्या खुंटीला पिशवी तशीच. तिच्यात अमेरिकेला जाण्याआधी आणलेलं पुस्तक आणि कोथिंबिरीची एक वाळकी काडी. धावत वाचनालयात गेलो. अण्णांनी चष्मा वर केला, तारखा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाले, “एकशे ब्याण्णव रुपये. काय, परदेशात होता की काय?”

मी दोनशेची नोट दिली. इतक्या आनंदाने मी कधी लाचसुद्धा दिली नसती. अण्णांनी पावती फाडली, आठ रुपये परत केले आणि न विचारता मागच्या कपाटातून एक बारीकसं पुस्तक काढलं. “हे न्या. रहस्यकथा आहे. तुम्हाला झेपेल.”

एका बैठकीत वाचून झालं. उद्या परत करायची तारीख आहे. पिशवीत घालून ठेवलंय.