साहेबाचा म्हाळ

अनंत चतुर्दशी उलटली की विजयदुर्गातली घरं एकदम मोठी वाटायला लागतात. मुंबईचे चाकरमानी नारळ, कोकमं आणि पावसात भिजून झालेली सर्दी घेऊन एसटीनं परत गेलेले असतात, माटवीला टांगलेली कवंडळं सुरकुतलेली असतात आणि ओटीवरच्या सतरंज्यांच्या घड्या घालून झालेल्या असतात. घराला आता जरा आडवं व्हायचं असतं. पण पौर्णिमा सरते आणि दुसरे पाहुणे निघतात. त्यांना आरक्षण लागत नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षात ज्याची जी तिथी, त्या दिवशी तो हजर. जिवंतपणी जेवायला चार-चार हाका माराव्या लागणारी आमची माणसं मेल्यावर इतकी वक्तशीर कशी होतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

म्हाळाचं जेवण ठरलेलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, तांदळाची खीर, अळू, भेंडी, भोपळा. पण प्रत्येक घरात त्या पानाच्या एका कोपऱ्यात शास्त्रात न बसणारं काहीतरी असतंच. आमच्या आजोबांच्या पानाशेजारी विडी असते. आजीच्या तिथीला गुळाचा कोरा चहा, कारण दुधाचा चहा हे तिच्या मते आजाऱ्यांचं पेय होतं. एका काकांचं लोणचं डॉक्टरांनी शेवटची काही वर्षं बंद केलं होतं. आता त्यांना ते सढळ हातानं वाढतात, रक्तदाब त्यांचं काय वाकडं करणार? आजोबांनी विहीर खणली, माड लावले, भावंडांची लग्नं केली, यातलं त्या दिवशी कुणाला काही आठवत नाही. वड्याची कड करपली की ते पान हलकेच पुढे सरकवायचे, एवढं मात्र चुलीशी बसलेल्या त्या सुनेलाही ठाऊक असतं, जिनं त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. ती त्या फोटोच्या धाकानं वडा वेळेवर उलटते.

आणि हे सगळं अखेर ठरवणार कोण, तर कावळा. म्हाळाच्या दिवशी तो तसा सौम्य असतो. त्याचा खरा दरारा दहाव्याला. खाडीच्या काठावर पिंड ठेवलेला, सगळे चार पावलं मागे सरलेले, आणि तो समोरच्या उंडीच्या झाडावर मामलेदार कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखा, आपल्याला काही घाई नाही अशा थाटात मान वळवून बसलेला. मग बोलणी सुरू होतात. "बाबांनू, बारक्याच्या लग्नाची काळजी करू नकात, आम्ही करतलाव." कावळा ढिम्म. "आईक आम्ही सांभाळतलाव." तरी ढिम्म. उन्हं चढतात, पोटात कावळे ओरडू लागतात, तेवढेच काय ते कावळे जागचे हलतात. शेवटी धाकटा भाऊ थोरल्याकडे न बघता पुढे होतो आणि बांधावरच्या माडाचा दावा मागे घेतल्याचं पुटपुटतो. त्या माडानं दोन वकील पोसलेले असतात. आणि झाडावरून एक काळी सावली खाली उतरते. "शिवलो, शिवलो!" असा जो गलका होतो, त्यात रडणं किती आणि सुटकेचा श्वास किती, हे सांगणं कठीण. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववण्याची सोय शास्त्रानं ठेवली आहे. पण आमच्या लोकांना त्या दर्भाच्या कावळ्याचा भरवसा वाटत नाही. तो कधी काही मागत नाही.

मेल्यांशी अशी घासाघीस सगळीकडेच होत नाही. दूर उत्तरेला फिनलंडमध्ये लोक नाताळच्या आदल्या संध्याकाळी बर्फातून दफनभूमीत जातात आणि आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावून येतात. बोलणं फारसं नसतंच. सगळी दफनभूमी तेवढी उजळून निघते. त्याच देशाच्या पूर्वेकडच्या भागात एक जुनी रीत होती. अंत्ययात्रा घरून निघाली की दफनभूमीच्या वाटेवर एखाद्या झाडाच्या फांद्या छाटायच्या आणि खोडावर गेलेल्याच्या नावाची आद्याक्षरं आणि साल कोरायचं. समजूत अशी, की रात्री तो माणूस घराकडे परतू लागलाच तर ती खूण बघून त्याला आठवावं, अरे, आपण तर गेलो. आणि त्यानं मुकाट्यानं माघारी फिरावं. माणूस मेल्यावरही अक्षरं वाचून शहाण्यासारखा वागेल, या विश्वासाचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या आजोबांना अशी पाटी दिसली असती तर त्यांनी ती लावणाऱ्याला आधी शुद्धलेखनावरून झापलं असतं आणि मग घरी येऊन वडे झाले का म्हणून विचारलं असतं. आम्ही त्यांना परत पाठवायच्या भानगडीत पडत नाही. वर्षाचा एक दिवस नेमून देतो, म्हणजे उरलेले दिवस ते समजुतीनं राहतात.

ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या. समुद्रकाठच्या गावाला या अमावस्येची किंमत इतरांपेक्षा जास्त कळते. होडी गेली तो दिवस माहीत असतो. माणूस गेला तो क्षण समुद्र सांगत नाही. दर्यावर गेलेल्याची बायको कितीतरी दिवस नुसती भरती-ओहोटी मोजत राहते, आणि मग कुणीतरी वडीलधारं माणूस हळूच अमावस्येचं नाव काढतं. आणि काहींची तर नावंही उरत नाहीत. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या ॲडमिरल वॉटसननं आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार आगीत जळून गेलं. जमिनीच्या बाजूनं पेशव्यांची फौज होती, म्हणजे आपलीच माणसं. हा तपशील आम्ही किल्ला बघायला आलेल्यांना अगदी शेवटी आणि जरा खाली मान घालून सांगतो. त्या गुराबांवरच्या आणि गलबतांवरच्या खलाशांची नावं कुठल्या पानावर घालायची? तर्पणात, ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडायची असते. खाडीत उभं राहून ती सोडताना पाणी नेमकं कुणाच्या वाट्याला जात असेल, याचा मी फार विचार करत नाही. ओहोटी नेईल तिकडे.

तिथीच्या घोळाची गोष्ट निघाली म्हणून आमच्या साहेबाबद्दल सांगायला हवं. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरसाहेबानं या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला, असं गावातलं शेंबडं पोरही सांगतं, आणि दर 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी लॉकियरसाहेब इंग्लंडात होते. त्या ग्रहणात सूर्याचा वर्णपट तपासणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तिकडे गुंटूरला होता. लॉकियर विजयदुर्गात आले खरे, दुर्बिणी आणि लवाजमा घेऊन आले, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं होत आली होती. म्हणजे आमचा घोळ अवघा तीस वर्षांचा. खुद्द आमच्या पणजोबांच्या तिथीवरून दोन घरांत याहून जुना वाद आहे, आणि दोन्ही घरं आपापल्या तिथीला त्यांना जेवू घालतात. पणजोबांनी अजून तक्रार केलेली नाही.

मला त्या साहेबाची गंमत वाटते. नाईटहूड मिळालेला, 'नेचर' मासिक सुरू करणारा एवढा मोठा माणूस. पण गावाला त्यातलं काही नको. गावानं त्याचे ओटे तेवढे ठेवून घेतले, जशी आम्ही आजोबांची विडी आणि आजीचा कोरा चहा, आणि वर्षाचा एक दिवस नेमून दिला. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला कोकणात भाऊबंद व्हायला एवढं पुरतं.

यंदा म्हाळाच्या दिवशी मी काकीला सहज म्हटलं, साहेबासाठी पण एक पान वाढूया का? ती खोबरं किसत होती. तिनं वर बघितलंही नाही.

"वाढ मा. पण त्येच्या सांबाऱ्यात तिखट कमी घाल. त्येका सोसाचा नाय."