हजार घोडे आणि एक डॉलरची सीट

मिशिगनच्या महामार्गांवर बहुतेक ठिकाणी ताशी ७० मैलांची मर्यादा आहे. त्याच मिशिगनमध्ये मुख्यालय असलेल्या डॉजने २०२३ मध्ये १०२५ अश्वशक्तीची चॅलेंजर डेमन १७० बाजारात आणली. म्हणजे हजार घोडे जुंपायचे आणि सिग्नलला उभे करायचे. शिवाय सगळे घोडे जागे व्हायला टाकीत ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं इंधन लागतं. प्यायल्याशिवाय अंगात जोर येत नाही!

अशा दांडग्या अमेरिकी गाड्या मला आवडतात त्या त्यांच्या निर्लज्ज प्रामाणिकपणासाठी. २०१८ च्या डेमनमध्ये मुळात ड्रायव्हरचीच सीट होती. शेजारची हवी? एक डॉलर. मागची? आणखी एक. संसाराची किंमत इतक्या स्पष्टपणे आजवर कोणी सांगितली नव्हती. ही गाडी पाव मैल ९.६५ सेकंदांत कापते म्हटल्यावर ड्रॅग शर्यतीवाल्या संस्थेने तिला मज्जाव केला. एवढ्या वेगाला सुरक्षेचा पिंजरा हवा, तो तिच्यात नव्हता. कंपनीने ही बंदीही मिरवली.

पुण्याच्या काकांनी फोनवर माझ्या शेजाऱ्याच्या डॉज हेलकॅटची डरकाळी ऐकली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते रे?" म्हटलं, "काका, ती देत नाही, घेते. आणि फार घेते म्हणून सरकार वेगळा करही लावतं."

सरळ जाण्यात यांचा हात धरणारं कोणी नाही. वळणं मात्र उशिरा जमली. फोर्ड मस्टँगच्या सगळ्या मॉडेलांत मागची चाकं एकमेकांपासून मोकळी झाली ती २०१५ मध्ये. शेव्हरलेची कॅमॅरो वळते झकास, पण वळणापलीकडचं दिसत नाही; गडाच्या जंग्यांतून शत्रू हेरावा तसा रस्ता हेरावा लागतो. २०२० च्या कॉर्व्हेटने इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं आणि किंमत ६० हजार डॉलरच्या आत सुरू केली, तेव्हा फेरारीवाल्यांनी कपाळाला हात लावला असेल. पण हाताने गिअर टाकायची सोय गेली आणि दोन सीटांच्या मध्ये एसीच्या बटणांची भिंत उभी राहिली. नवरा-बायकोत अबोला असेल तर सोयीचीच.

आता डॉजची विजेवरची चार्जर आली आहे. वजन अडीच टनांच्या वर. धूर नाही, धडधड नाही. म्हणून आवाज काढायला खास यंत्रणा, आणि तो हेलकॅटइतका, १२६ डेसिबलचा, असा कंपनीचा दावा. लोक हसतात. मला मात्र पटतं. एवढे पैसे मोजून गाडी घ्यायची आणि शेजाऱ्याला पत्ताच लागायचा नसेल, तर मग सायकल काय वाईट होती?