बसा, बसा

कलेचा आस्वाद घेताना माझं सगळ्यात आधी काय भरून येत असेल, तर पोटऱ्या. चित्रकार बसून चित्र काढतो, समीक्षक बसून लिहितो, उभं राहायचं ते आपण. म्हणून प्रदर्शनात शिरलो की माझी नजर आधी स्टूल शोधते. बहुतेकदा त्यावर रखवालदार बसलेला असतो.

२०१४च्या उन्हाळ्यात आम्ही लेकीकडे लीड्सला होतो. तिनं यॉर्कशर स्कल्प्चर पार्कला नेलं. नजर पोचेल तिथवर हिरवळ, तिच्यावर हेन्री मूरची शिल्पं आणि मेंढ्या. मूर इथून जवळच्याच कॅसलफर्डचा, आणि त्याला पहुडलेल्या आकृत्यांची भारी हौस. म्हणजे शिल्पं आडवी, मेंढ्या बसलेल्या, तंगडतोड तेवढी आमची.

अखेर १७४४ साली बांधलेलं चॅपल आलं. डागडुजी होऊन नुकतंच उघडलेलं. आत आय वेवे या चिनी कलावंताचं प्रदर्शन. अंगणातच त्याचं सहा मीटर उंच लोखंडी झाड. ९९ तुकडे, नटबोल्टनं जोडलेले, वर गंज चढत चाललेला. कारखान्यातली सगळी नोकरी मी गंजाशी भांडण्यात घालवली. इथं त्याला इतमामानं वाढू देत होते. बोल्ट सैल आहे का पाहायला मी हात पुढे केला, तर हिनं डोळे वटारले.

आत गेलो आणि बघतच राहिलो. खुर्च्या! पाचाच्या नऊ रांगा, छिंग राजवटीतल्या. ती राजवट १९१२ साली संपली, म्हणजे यातली धाकटीसुद्धा शंभरी गाठलेली. आपल्याकडे अशा खुर्चीला दोरी बांधतात आणि दोरीला पाटी. इथं दारातल्या बाई हसून म्हणाल्या, बसा ना. मुलगी बघायला गेल्यासारखा मी कडेला टेकलो.

मूळ खुर्च्या १००१, लेक सांगू लागली. २००७ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनासाठी आय वेवेनं १००१ चिनी माणसं नेली. या खुर्च्या तेव्हाच्या. एवढ्या लोकांना परदेश दाखवणाऱ्या या गृहस्थाला इथं मात्र स्वतःला येता आलं नव्हतं. सरकारनं २०११ सालीच पासपोर्ट काढून घेतलेला. ही मांडणी त्यानं चीनमध्ये बसूनच केली. हे ऐकल्यावर मी टेकायचं सोडून नीट बसलो. ज्याला येऊ दिलं नाही, त्यानं पाहुण्यांची सोय मात्र चोख ठेवली होती.

खुर्च्या सुट्या सुट्या मांडल्या होत्या, ज्यानं त्यानं एकट्यानं बसावं म्हणून. आमच्या हिला ते पटेना. शेजारी दोन हातांवर असताना गप्प बसायचं, ही कुठली रीत? तिनं वाकून मला हळूच विचारलं, “अहो, पाठीला बरी आहे ना?” त्या घुमणाऱ्या वास्तूत ते शेवटच्या रांगेतल्या इंग्रज आजोबांपर्यंत पोचलं. त्यांनी मान डोलावली.

“आई, चल, बाहेर अजून बरीच शिल्पं आहेत,” लेक म्हणाली.

ही हलली नाही. “आधी तिथं बसायला काय आहे, ते विचारून ये.”